जग्बूब : जिंकणारे विसरले, हरणाऱ्यांनी गाणे केले

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. तीत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, लष्करातली कागदपत्रे, एक पितळी बटणांचा डबा आणि सहा टोकांचा एक तारा होता. ताऱ्याला जोडलेली फीत वाळूच्या रंगाची. तिच्या मधोमध लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन निळ्या रेघा, एक गडद, एक फिकी. लहानपणी आम्ही तो तारा छातीला लावून अंगणात मिरवत असू. हे 'आफ्रिका स्टार' नावाचे पदक आहे, त्यातला वाळूचा रंग वाळवंटाचा, लाल भूदलाचा, गडद निळा आरमाराचा आणि फिका निळा विमानदलाचा, हे मला फार उशिरा कळले. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. युद्धाबद्दल ते बोलतच नसत. कोणी फारच खोदून विचारले तर एकच शब्द बोलत : "केरेन". आणि मग तंबाखूची चंची उघडत.

आबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्या एका शब्दाचा माग काढायला बसलो. केरेन हे एरिट्रियातले डोंगरी गाव. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे हिंदी आणि ब्रिटिश पलटणींनी इटालियन फौजेशी झुंज दिली. मार्चच्या मध्याला आबांची पलटण, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या वाटेवरच्या टेकड्यांवर चढली. २७ मार्चला केरेन पडले. तारखांची जुळवाजुळव करताना त्याच आठवड्यातली आणखी एक लढाई नजरेस पडली. २१ मार्च १९४१. लिबियाच्या वाळवंटातले जग्बूब नावाचे ठिकाण. एका बाजूला ऑस्ट्रेलियन, दुसऱ्या बाजूला इटालियन. ऑस्ट्रेलियनांचे १७ मेले, ७७ जखमी झाले. लढाई एवढीशी. महायुद्धाच्या जाडजूड इतिहासांत तिला एखादी ओळ मिळते, कित्येकांत तीही नाही.

तरीही ही लढाई मला सोडेना. कारण पुढे वाचत गेलो तेव्हा दिसले की, जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाला ती फारशी आठवत नाही आणि हरलेल्या इटलीत तिच्यावर गाणे झाले, चित्रपट झाला. आणि ज्यांचे ते गाव, त्यांना या दोघांच्याही आठवणीत जागा नाही. हे असे का झाले, याचा शोध म्हणजे हा लेख.

वाळूच्या काठावरचा मठ

नकाशात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर बार्दिया शोधावे आणि तिथून इजिप्त-लिबियाच्या सीमेला धरून सरळ दक्षिणेला उतरावे. दोनशेहून अधिक किलोमीटर ओसाड, खडकाळ पठार ओलांडले की जमीन खाली खचते. त्या खोलगट भागात खजुराची झाडे, खाऱ्या पाण्याची दलदल आणि थोडी वस्ती. तेच जग्बूब. इटालियन त्याला 'जाराबुब' म्हणत. त्याच्या दक्षिणेला वाळूचा महासागर सुरू होतो. तिथे लाटा आहेत, पण पाणी नाही. पूर्वेला, इजिप्तच्या हद्दीत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास सीवा हे प्रसिद्ध मरूद्यान. सीवात गोड पाण्याचे झरे आहेत. जग्बूबचे पाणी मचूळ. मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे तिथे काही नव्हते.

आणि नेमके म्हणूनच मुहम्मद बिन अली अस-सनूसी या धर्मपुरुषाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही जागा निवडली. अल्जीरियात जन्मलेला, फेज आणि मक्केत शिकलेला हा विद्वान. तुर्की सुभेदारांपासून आणि युरोपीय सत्तांपासून दूर, पण वाळवंट ओलांडणाऱ्या काफिल्यांच्या जवळ, अशी जागा त्याला हवी होती. जग्बूबला त्याने मठ उभारला. त्याला 'जाविया' म्हणतात. तिथे मशीद होती, पाठशाळा होती, ग्रंथालय होते. आपल्याकडच्या वाचकाला पटकन कळावे म्हणून सांगायचे तर मठ, अन्नछत्र, विद्यापीठ आणि तंटे सोडवणारी पंचायत यांचे ते एकत्र रूप होते. १८५९ मध्ये सनूसी तिथेच वारले आणि घुमटाखाली त्यांची कबर झाली. पुढे त्यांच्या मुलाने पंथाचे केंद्र आणखी दक्षिणेला, कुफ्राला हलवले. तरी मूळ पीठ जग्बूबच राहिले. लिबियाचा पुढचा राजा इद्रिस याचा जन्म तिथलाच. इटालियनांविरुद्ध वीस वर्षे लढलेला उमर मुख्तारही कित्येक वर्षे याच पाठशाळेत शिकला होता.

इटलीने १९११ मध्ये लिबियावर हल्ला केला तो तुर्कांकडून ती भूमी हिसकावण्यासाठी. तुर्क लवकरच बाजूला झाले, सनूसी मात्र झाले नाहीत. १९२५ मध्ये इजिप्तशी करार करून इटलीने जग्बूब आपल्या हद्दीत घेतले आणि पुढच्या वर्षी तिथे फौज उतरवली. तरी उमर मुख्तारची लढाई थांबली नाही. तेव्हा जनरल ग्राझियानीने दोन उपाय केले. १९३० मध्ये सायरेनाइकातल्या सुमारे एक लाख लोकांना, बहुतेक भटक्या पशुपालकांना, त्यांच्या कळपांसह उचलून तारेच्या छावण्यांत कोंडले; तिथे हजारोंनी माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली. आणि १९३१ मध्ये बार्दियापासून थेट जग्बूबपर्यंत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास काटेरी तारेची भिंत उभारली, म्हणजे इजिप्तकडून मदत येऊ नये. त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, सत्तरीच्या घरातल्या उमर मुख्तारला लोकांसमोर फाशी दिले.

हे सगळे आधी सांगितले, कारण त्याशिवाय १९४१ ची लढाई कळत नाही. नुसती लढाई वाचली तर असे वाटते की दोन परक्या फौजा निर्जन वाळूत भिडल्या. ती वाळू निर्जन नव्हती. दहाच वर्षांपूर्वी ती मुद्दाम रिकामी केलेली होती.

हिंदी गेले, ऑस्ट्रेलियन आले

१० जून १९४० ला मुसोलिनीने युद्धात उडी घेतली. सप्टेंबरात तोच ग्राझियानी मोठी फौज घेऊन इजिप्तमध्ये शिरला आणि सिदी बर्रानीपर्यंत येऊन थांबला. ९ डिसेंबरला ब्रिटिशांनी उलट हल्ला केला. या हल्ल्यात पायदळाचा मुख्य भार चौथ्या हिंदी डिव्हिजनवर होता. दोन-तीन दिवसांत सिदी बर्रानी पडले, हजारो इटालियन कैद झाले. आणि ऐन विजयात सरसेनापती वेव्हेल यांनी चौथी हिंदी डिव्हिजन तिथून काढून सुदानकडे धाडली, एरिट्रियाच्या मोहिमेसाठी. तिची जागा घेतली सहाव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने. त्या अदलाबदलीतूनच एकीकडे केरेन घडले आणि दुसरीकडे बार्दिया, तोब्रुक आणि जग्बूब. आबांची बटालियन पाचव्या हिंदी डिव्हिजनमधली होती, पण केरेनला या दोन्ही डिव्हिजन खांद्याला खांदा लावून लढल्या. म्हणजे पेटीतल्या त्या ताऱ्याचा आणि जग्बूबचा धागा मी ओढूनताणून जोडत नाही, तो एकाच निर्णयातून निघालेला आहे.

ऑस्ट्रेलियन घोडदळाची एक तुकडी सीवाच्या बाजूला सीमेवर होती. नाव घोडदळ, पण घोडे केव्हाच गेलेले. रणगाडे पुरेसे मिळालेले नव्हते. ट्रक आणि हलक्या चिलखती गाड्या यांवरच त्यांची भिस्त होती. याच रेजिमेंटच्या दुसऱ्या तुकड्यांनी पुढे तोब्रुकला इटालियनांकडून पकडलेल्या रणगाड्यांवर पांढरा कांगारू रंगवून ते वापरले. डिसेंबर १९४० मध्ये सीवाकडच्या या तुकडीने जग्बूबच्या उत्तरेकडच्या इटालियन सीमाठाण्यांवर छापे घातले. ऑस्ट्रेलियात महायुद्धातली आपल्या भूदलाची पहिली लढाई म्हणून ३ जानेवारी १९४१ च्या बार्दियाचे नाव घेतले जाते. मोठ्या लढाईपुरते ते खरेही आहे. पण ऑस्ट्रेलियन सैनिकांची शत्रूशी पहिली गाठ पडली ती त्याआधी काही आठवडे, या जग्बूबच्या तारेपाशी.

किनाऱ्यावर इटालियन फौज मागे हटत गेली. बार्दिया गेले, तोब्रुक गेले, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बेंगाझी गेले. दोन महिन्यांत एक लाख तीस हजार कैदी. इटलीची दहावी सेना संपली. आणि या सगळ्या पडझडीच्या मागे, किनाऱ्यापासून दूर, एक ठाणे तसेच उभे राहिले. त्याच्याकडे कोणाला फारसे लक्ष द्यायलाही वेळ नव्हता. जग्बूबचा किल्लेदार होता साल्वातोरे कास्तान्या. आधी मेजर, पुढे लेफ्टनंट कर्नल. त्याच्याकडे बाराशे-तेराशे इटालियन आणि साडेसातशेच्या आसपास लिबियन शिपाई होते.

वेढा

वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गडाला पडलेले मोर्चे येतात. पन्हाळ्याचा वेढा, जिंजीचा वेढा. वाळवंटातला वेढा निराळा असतो. तिथे सगळ्या बाजूंनी माणसे उभी करावी लागत नाहीत. पाण्याच्या आणि पेट्रोलच्या वाटा धरल्या की झाले. बाकीचा वेढा वाळूच घालते. काही शे ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांनी, ज्यांच्याकडे घोडे नव्हते, दोन हजारांचे ठाणे असे महिनोन् महिने कोंडून धरले.

सुरुवातीला इटालियन विमाने रसद टाकून जात. किनाऱ्यावरचे विमानतळ हातचे गेले तशी ती यायची बंद झाली. शिधा कमी होत गेला. आणि मग लिबियन शिपाई निघून जाऊ लागले. एकेक, दोन-दोन, कधी घोळक्याने. मार्चपर्यंत त्यांतले बहुतेक गेले होते.

इटालियन हकिकतींत याला फितुरी म्हटले जाते, ऑस्ट्रेलियन हकिकतींत ती शत्रूच्या खचलेल्या मनोधैर्याची खूण ठरते. मला या दोन्ही शब्दांशी थोडे थांबावेसे वाटते. या शिपायांना भरती झाले तेव्हा पोट होते आणि पगार होता. पण त्यांच्या पाठीशी ज्या तटबंदीचे ते रक्षण करत होते, तिच्या आत सनूसींची कबर होती. दहा वर्षांपूर्वी याच सरकारने त्यांच्या भाऊबंदांना छावण्यांत कोंडले होते. आणि वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला, कैरोत, त्याच सनूसींचा नातू इद्रिस ब्रिटिशांशी हातमिळवणी करून बसला होता. १९४० च्या ऑगस्टपासून ब्रिटिशांनी लिबियन निर्वासितांची पलटण उभारायला सुरुवात केली होती. अशा वेळी त्या शिपायाने निष्ठा कोणाशी ठेवायची? शिधा देणाऱ्याशी, की घुमटाखाली झोपलेल्याशी?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. आबाही परक्या राजाचा शिधा खाऊन परक्या डोंगरावर चढले. ते पळून गेले नाहीत. त्यांच्या पलटणीतले कोणी गेले असेही ऐकिवात नाही. पण म्हणून जग्बूबहून निघून गेलेल्या लिबियन शिपायाला मी फितूर म्हणू शकत नाही. आबांचे गाव केरेनच्या डोंगरावर नव्हते. या शिपायाचे घर त्या तारेच्या पलीकडे होते.

२१ मार्च

उपाशी पडलेले ठाणे आपोआप शरण येईल, मग हल्ला कशाला? या प्रश्नाचे उत्तर रणनीतीत नाही, ट्रकमध्ये आहे. वेढा घालणाऱ्यांनाही पाणी, शिधा, पेट्रोल शेकडो किलोमीटरवरून आणावे लागत होते. सहावी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन ग्रीसला निघाली होती आणि प्रत्येक ट्रक मोजून वापरावा लागत होता. जग्बूब एकदाचे संपवा आणि गाड्या मोकळ्या करा, असा हिशेब झाला. काम आले अठराव्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडकडे. ब्रिगेडियर जॉर्ज वूटन हा तिचा प्रमुख, गॅलिपोलीत लढलेला, मधल्या शांततेच्या काळात वकिली करणारा, देहाने अवाढव्य. त्याला रणगाडे मिळाले नाहीत. गाड्याच इतक्या कमी होत्या की पूर्ण ब्रिगेड नेणेही शक्य नव्हते. मुख्य हल्ल्यासाठी क्वीन्सलंडच्या मुलांची २/९ वी बटालियन, जोडीला २/१० व्या बटालियनची एक कंपनी आणि ब्रिटिश तोफखान्याच्या काही तोफा. एवढ्यावर भागवायचे होते.

वूटनने नकाशा पाहिला, स्वतः पुढे जाऊन जमीन पाहिली आणि दक्षिणेची बाजू निवडली. तिकडे दलदल आणि भुसभुशीत वाळू. गाड्या रुतणार हे उघड होते. म्हणूनच तिकडून हल्ला येईल अशी अपेक्षा नव्हती. आणि वस्तीच्या दक्षिणेला उंचवट्यांची जी रांग होती, ऑस्ट्रेलियनांनी जिला 'तम्मा हाइट्स' म्हटले, ती हाती आली की खालचे गाव आणि मठ दोन्ही टप्प्यात येत होते.

२० मार्चला वादळ उठले. वाळवंटातले वादळ ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी आपल्याकडचा उन्हाळ्यातला वावटळीचा धुरळा आठवावा आणि तो दिवसभर, चारी बाजूंनी, थांबल्याशिवाय चालला आहे अशी कल्पना करावी. समोरचा माणूस दिसेनासा झाला. हत्यारांत वाळू गेली, यंत्रबंदुका अडू लागल्या. त्या अवस्थेत पुढच्या तुकड्या उंचवट्यांच्या पायथ्याशी गेल्या आणि रात्र तिथेच काढली. वाळवंटातली मार्चची रात्र कडाक्याची थंड असते.

२१ तारखेला पहाटे सव्वापाचच्या सुमारास हल्ला सुरू झाला. इटालियन उंचवट्यांच्या कुशीत गुहा आणि खंदक खोदून बसले होते. बंदुका वाळूने बेभरवशाच्या झालेल्या, त्यामुळे लढाई हातबाँबची आणि संगिनीची झाली. एकेक गुहा, एकेक खंदक. इटालियन लढवय्ये नव्हते, पहिल्या आवाजाला हात वर करत, अशी जी थट्टा युद्धानंतर जगभर रूढ झाली, तिला त्या सकाळचा आधार मिळत नाही. तीन महिने अर्धपोटी राहिलेली माणसे तिथे जागेवर मेली. दुपारपर्यंत सगळे संपले. कास्तान्या जखमी होऊन कैद झाला. इटालियन बाजूचे सुमारे अडीचशे मृत, तेराशेच्या आसपास कैदी.

तोफा थांबल्या तेव्हा सनूसींच्या मशिदीचा पांढरा घुमट उभा होता.

तीन दिवसांनंतर

एवढे करून काय मिळवले, याचा हिशेब काळाने फार लवकर मांडला. फेब्रुवारीतच रोमेल त्रिपोलीला उतरला होता. जग्बूब पडल्यानंतर बरोबर तिसऱ्या दिवशी, २४ मार्चला, त्याने एल अघेला घेतले आणि मग ब्रिटिश फौज आली त्याच वाटेने मागे ढकलत नेली. जग्बूब जिंकणारी अठरावी ब्रिगेड ग्रीसला जायची होती, ती घाईने तोब्रुकला धाडावी लागली. मार्चमध्ये वेढा घालून लढलेली माणसे एप्रिलमध्ये स्वतः वेढ्यात सापडली. पुढे तीच ब्रिगेड न्यू गिनीतल्या मिल्न बे आणि बुनाच्या चिखलात जपान्यांशी लढली.

मग जग्बूबची लढाई व्यर्थ होती का? असे म्हणणे मला पटत नाही, पण सोयीने 'नाही' म्हणणेही पटत नाही. ठाणे पडल्यामुळे गाड्या मोकळ्या झाल्या हे खरे. रोमेल पुढे सरसावला असताना पिछाडीला शत्रूचे ठाणे उरले नाही हेही खरे. पण रोमेलला वाट पाहायची नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून हा फायदा कोणाच्या शहाणपणाचा नाही. तो योगायोग आहे. हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला सतरा क्वीन्सलंडी-ऑस्ट्रेलियन आणि अडीचशे इटालियन घरे आहेत. ट्रकच्या हिशेबात ती घरे धरलेली नव्हती. युद्धातले बहुतेक निर्णय असेच असतात : चुकीचे नव्हेत, पण ज्यांनी किंमत मोजली त्यांना समजावून सांगता येणार नाहीत असे.

गाणे आणि एक प्रकरण

आता मुख्य कोड्याकडे येतो.

रोममध्ये फॅसिस्ट राजवटीला १९४१ च्या वसंतात वीरांची नितांत गरज होती. एक अख्खी सेना नाहीशी झालेली, लाखावर माणसे कैदेत. अशा वेळी एक ठाणे शेवटपर्यंत लढले ही बातमी म्हणजे वाळवंटातला झराच. त्याच वर्षी जाराबुबवर गाणे झाले. मारिओ रुचोनेने त्याला चाल लावली आणि ते घराघरात गेले. १९४२ मध्ये गोफ्रेदो अलेस्सांद्रिनीने 'जाराबुब' नावाचा चित्रपट काढला. पराभवाचे असे काही दिवसांत पोवाड्यात रूपांतर झाले. राजवट पडली, मुसोलिनी गेला, तरी गाणे राहिले. आणि पुढे जुन्या राजवटीची आठवण कुरवाळणाऱ्यांनी ते आपलेसे करून टाकले. त्या गाण्यामागे खरोखर उपाशी लढलेली माणसे होती, हे त्यामुळे आणखीच झाकले गेले.

ऑस्ट्रेलियात बार्दिया, तोब्रुक आणि अल अलामीन ही नावे शाळेतल्या मुलांना ठाऊक असतात. जग्बूबच्या वाट्याला आले गॅव्हिन लाँग यांच्या अधिकृत इतिहासातले एक प्रकरण आणि त्या पलटणींच्या ध्वजावर मिळालेला 'जाराबुब' हा युद्धसन्मान. दोन्ही गोष्टी प्रामाणिक आहेत. लाँग यांचे प्रकरण तर सचोटीच्या इतिहासलेखनाचा नमुना आहे; त्यात शत्रूचे कौतुकही हातचे राखून केलेले नाही. पण त्यावर कोणी गाणे म्हणत नाही.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. १७६१ चे पानिपत आपल्या बोलण्यात, म्हणींत, लग्नघरातल्या थट्टेत आणि राजकारणाच्या भाषणात आजही जिवंत आहे. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी महादजींनी दिल्लीत पुन्हा मराठी जरब बसवली, बादशहाला तख्तावर नेऊन बसवले. ते वर्ष किती जणांना सांगता येईल? विजय संपतो, त्याचा निकाल लागलेला असतो. पराभव संपत नाही, तो पुन्हा पुन्हा लढून पाहावासा वाटतो.

पण साम्य इथेच थांबते. पानिपताची आठवण लोकांनी आपली आपण घडवली. ती बखरींतून आली, पत्रांतून आली, ज्या घरांतली माणसे परतली नाहीत त्या घरांतून आली. तिच्यात आपल्याच चुकांची झाडाझडतीही आहे : बुणगे किती होते, सल्ला कोणाचा ऐकला नाही, भाऊसाहेबांचे काय चुकले. जाराबुबच्या गाण्यात ही झाडाझडती नाही. आपण तिथे मुळात काय करत होतो, ती तार कोणाला अडवायला बांधली होती, आपले लिबियन शिपाई का गेले, हे प्रश्न त्यात येऊच शकत नव्हते. शौर्य खरे असले तरी त्याचे गाणे खोटे असू शकते, हे मला या एका लढाईने शिकवले.

घुमटाचे पुढे काय झाले

या कथेत हिंदी फौज पुन्हा एकदा येते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिशांनी नवी मोहीम काढली, तेव्हा जग्बूब हा दक्षिणेकडच्या एका फौजेचा तळ होता. त्या फौजेत पंजाब रेजिमेंटचे हिंदी जवान होते. तिने वाळवंट तुडवत जाऊन २४ नोव्हेंबरला जालो हे मरूद्यान इटालियनांकडून घेतले. फौजेचा प्रमुख होता ब्रिगेडियर डेनिस रीड. तोच, ज्याने आठ महिन्यांपूर्वी केरेनच्या टेकड्यांवर आबांच्या पलटणीचे नेतृत्व केले होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आबांचा कर्नल जग्बूबला जाऊन आला होता.

जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांनी पार्लमेंटात शब्द दिला की, सनूसी पुन्हा इटलीच्या अमलाखाली जाणार नाहीत. तो पाळला गेला. २४ डिसेंबर १९५१ ला लिबिया स्वतंत्र झाला आणि जग्बूबला जन्मलेला इद्रिस राजा झाला. १ सप्टेंबर १९६९ ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला पदच्युत केले. त्यांचा म्होरक्या मुअम्मर गडाफी. गडाफींच्या नाण्यानोटांवर, चित्रपटांत, भाषणांत उमर मुख्तारला मोठे स्थान होते. पण उमर मुख्तार ज्या पाठशाळेत शिकला, तिच्याबद्दल त्यांना भीती होती. कारण त्या घुमटाखाली पदच्युत राजाचे आजोबा होते. १९८० च्या दशकात त्यांच्या राजवटीने जग्बूबचा मठ आणि मशीद जमीनदोस्त केली, सनूसींची कबर उकरली.

इटालियनांनी त्या घुमटाभोवती तार ओढली होती. ऑस्ट्रेलियनांनी त्याच्याभोवती लढाई केली. दोन्ही परके. त्या दोघांतून जे वाचले, ते घरच्या राज्यकर्त्याने पाडले. आठवण पुसण्याची ताकद तोफेपेक्षा सत्तेकडे जास्त असते, कारण तोफेला कशाची आठवण पुसायची ते ठाऊक नसते.

म्हणजे जग्बूबच्या तीन आठवणी झाल्या. एकीचे गाणे झाले, एकीचे पुस्तकातले प्रकरण झाले आणि एक उकरून टाकली गेली. चौथी आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. ती जग्बूबची नाही, केरेनची आहे. पण त्याच आठवड्यातली, त्याच शत्रूशी, त्याच साम्राज्याच्या हिशेबातली. तिला गाणे नाही. आबांनी तिच्याबद्दल एका शब्दापलीकडे काही ठेवले नाही. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी या भागांत असे तारे किती घरांत असतील. कित्येक घरांत ते मोडीत गेले असतील, कित्येकांत मुलांच्या खेळण्यांत हरवले असतील.

मला आबांवर गाणे नको आहे. जाराबुबच्या गाण्याने ती हौस माझ्यात उरलेली नाही. पण एक प्रकरण हवे आहे, लाँग यांनी लिहिले तसे. कोण कुठल्या टेकडीवर चढला, कोणाकडे पाणी नव्हते, कोण परतला नाही, हे नीट, तारीखवार सांगणारे, घरातल्यांना आपल्या भाषेत वाचता येईल असे. ज्यांच्याकडे अशा पेट्या आहेत, त्यांनी त्या या दिवाळीत माळ्यावरून खाली काढाव्यात. आतले कागद वाचावेत. घरात त्या काळाचे ऐकून माहीत असलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसावे.

मी उशीर केला. आबा "केरेन" म्हणाले तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांच्या ताऱ्याच्या फितीतला वाळूचा रंग आता इतका फिका झाला आहे, की पांढरा म्हटला तरी चालेल.